कुठल्या खणात ठेवायचा हा अल्बम?



स्मृतिव्याख्यानाला मी रॉक बँडचा विषय घेतला, तेव्हा संयोजकांपैकी एकांनी अगदी सभ्यपणे विचारलं, "म्हणजे नक्की काय सांगणार आपण?" त्यांची काळजी मी समजू शकतो. अशा व्यासपीठावरून संतसाहित्य, इतिहास, फार तर नाट्यसंगीत इथवर बोललेलं चालतं. आज मी ज्याविषयी बोलणार आहे त्यात हे तिन्ही येणार आहेत, म्हणून कुणी उठून जाऊ नये. विषय आहे एक अल्बम. 'द रघु दीक्षित प्रोजेक्ट' या बेंगळूरूच्या बँडचा, त्याच नावाचा पहिला अल्बम. फेब्रुवारी २००८मध्ये तो बाहेर आला. गाणी आठ, भाषा तीन. कन्नड, हिंदी आणि इंग्रजी.

हा अल्बम चांगला की वाईट, एवढ्यासाठी मी तुमची संध्याकाळ घेतलेली नाही. तो लोकांपर्यंत ज्या वाटांनी पोहोचला त्या वाटा मला जास्त बोलक्या वाटतात. आधी तो कुणालाच नको होता. मग दोघा चित्रपट-संगीतकारांना हवासा वाटला. मग लंडनमधल्या एका टीव्ही कार्यक्रमानंतर त्याची बातमी झाली. आणि या सगळ्याच्या किती तरी आधीपासून, त्यातली दोन गाणी धारवाड-हावेरीकडच्या माणसांना पाठ होती. या चार गोष्टींचा क्रम लक्षात ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं त्या क्रमातच आहे.

पहिल्यांदा गावाविषयी बोलतो. आपण बसलोय तो बेंगळूरूतल्या के. आर. पुरमचा भाग १९४८पासून दूरवाणीनगरच्या टेलिफोन कारखान्यामुळे, आयटीआयमुळे ओळखला जाई. मग व्हाइटफील्डला आयटी पार्क झाला, झुलता पूल झाला, आणि २०२३मध्ये मेट्रोची जांभळी लाइन इथून पुढे गेली. कारखान्याच्या काळात आलेलं मराठी कुटुंब आणि संगणकाच्या काळात आलेलं मराठी कुटुंब यांत बराच फरक आहे, पण एक गोष्ट सारखी. दोघांच्याही घरात दिवसभरात तीन-चार भाषा ये-जा करतात. घरात मराठी, भाजीवाल्याशी मोडकीतोडकी कन्नड, शेजारच्या बिहारी किंवा तेलुगू कुटुंबाशी हिंदी, कामावर इंग्रजी. याचं कुणाला नवल वाटत नाही. नवल याचं, की इतकी वर्षं या शहराचं तरुण संगीत मात्र एकाच भाषेत होतं.

बेंगळूरू हे रॉकचं गाव. हे मी अभिमानाने नाही, नोंद म्हणून सांगतो. २००३च्या एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन्स पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले. १७ मार्च २००७ला त्याच मैदानावर आयर्न मेडन आले, आणि देशभरातून पोरं रेल्वेने, बसने, मिळेल त्या वाटेने इथे जमली. स्थानिक मुलांसाठी १९९६पासून 'फ्रीडम जॅम' होता, स्वातंत्र्यदिनाच्या आसपास दिवसभर चालणारा, फुकट. कॉलेजांतले बँड तिथे यायचे आणि बहुतेक सगळे दुसऱ्यांची गाणी वाजवायचे. 'कव्हर' वाजवणं हीच तेव्हाची परीक्षा होती. मूळ गाण्यातला गिटारचा तुकडा जसाच्या तसा निघाला की टाळी. स्वतःचं गाणं सुरू झालं की श्रोते बाहेर सिगरेट ओढायला.

ही सवय मोडायचा चिवट प्रयत्न करणाऱ्यांत 'थर्मल अँड अ क्वार्टर' हा बँड पहिल्या रांगेत होता. १९९६मध्ये तो सुरू झाला. गायक आणि गिटारवादक ब्रूस ली मणी, ड्रम्सवर राजीव राजगोपाल. (नावाची गंमत अशी की मूळचे तिघे पूर्ण मल्याळी आणि एक पाव मल्याळी!) २०००साली त्यांनी पहिल्या अल्बमला चक्क स्वतःच्या संकेतस्थळाचा पत्ता नाव म्हणून दिला. पुढे २००५च्या सुमारास 'प्लॅन बी' हा अख्खा अल्बम त्यांनी इंटरनेटवरून फुकट वाटला. इंग्लंडच्या रेडिओहेड या बड्या बँडने २००७मध्ये 'वाटेल ती किंमत द्या' म्हणून अल्बम खुला केला तेव्हा जगभर चर्चा झाली. आमच्या बेंगळूरूच्या मुलांनी त्याआधीच हे केलं होतं, त्याची चर्चा कोरमंगलापलीकडे गेली नाही. पुढे २०१२मध्ये त्यांनी रिक्षाच्या तीन चाकांवरून कल्पना घेऊन तीन तबकड्यांचा, २८ गाण्यांचा 'थ्री व्हील्स नाइन लाइव्ज' काढला. आपल्या संगीताला ते 'बँगलोर रॉक' म्हणत. वादनात ते तरबेज होते, रचनेत गुंतागुंतीचे होते, आणि गात होते इंग्रजीत. गावाविषयी, गावाच्या रस्त्यांविषयी, पण इंग्रजीत. त्यांना मी कमी लेखत नाही. अल्बम स्वतःच्या हिमतीवर काढायचा, दुकानदाराकडे न जाता थेट श्रोत्याकडे जायचं, ही वाट त्यांनीच या गावात रुळवली.

आता दुकानाकडे येऊ. तुमच्यापैकी ज्यांची चाळिशी उलटली आहे त्यांना ब्रिगेड रोडवरचं 'म्युझिक वर्ल्ड' आठवत असेल, 'प्लॅनेट एम' आठवत असेल. आत शिरलं की खण. हिंदी चित्रपट. कन्नड चित्रपट. भावगीत. भक्तिगीत. शास्त्रीय, त्यात हिंदुस्थानी वेगळं आणि कर्नाटक वेगळं. मग काचेपलीकडे 'इंटरनॅशनल'. संगीत कंपनीतला माणूस कॅसेट ऐकताना कान गाण्याकडे ठेवत असेल, पण डोळ्यासमोर त्याला हे खण दिसत असणार. ज्या तबकडीवर एक गाणं कन्नड संतकवीचं, दुसरं हिंदी आणि तिसरं इंग्रजी प्रेमगीत, ती त्याने कुठे ठेवायची? हा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. माल कुठे मांडायचा हे ठरल्याशिवाय तो विकता येत नाही. रघु दीक्षित यांना वर्षानुवर्षं नकार मिळाले त्यामागे दुष्टावा शोधू नये. खण सापडत नव्हता, एवढंच.

रघु दीक्षित यांच्याविषयी एक गोष्ट इथल्या मराठी मंडळींना सांगितलीच पाहिजे. त्यांचा जन्म नाशिकचा, १९७४चा. आता त्यावरून त्यांना आपल्या खात्यात जमा करायला निघू नका. ते वाढले म्हैसूरला, घडले म्हैसूरला आणि त्यांचा सूर पुरता म्हैसूरचा आहे. भरतनाट्यम रीतसर शिकले, 'विद्वत' परीक्षेपर्यंत. म्हैसूर विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात सुवर्णपदक घेऊन एम. एस्सी. झाले. गिटार हाती आली ती पैजेतून. नाच शिकणाऱ्या मुलाची गिटार वाजवणाऱ्या वर्गमित्राने टिंगल केली, आणि याने दोन महिन्यांत गिटार शिकून दाखवतो म्हणून पैज लावली. गुरू नाही, वर्ग नाही. पुढे बेल्जियममध्ये औषधकंपनीत नोकरी केली, तीही सोडली, बेंगळूरूला परत आले. व्हायोलिनवादक एच. एन. भास्कर यांच्यासह 'अंतराग्नी' नावाचा बँड चालवला, तो मोडला. त्यानंतर जे उभं राहिलं त्याला त्यांनी बँड न म्हणता 'प्रोजेक्ट' म्हटलं. दार उघडं, वादक येणार, जाणार, ज्याला जे वाजवायचं ते घेऊन यावं. बासवर गौरव वाझ, गिटारवर विजय जोसेफ असे काही जण मात्र टिकून राहिले. गौरव वाझ तर वादनाबरोबर बँडचा सगळा कारभारही बघायचे.

अल्बममधल्या एका गाण्याचं नाव आहे 'आय अ‍ॅम इन मुंबई, वेटिंग फॉर अ मिरॅकल'. मुंबईत चमत्काराची वाट बघत बसलेला माणूस. हे नाव वाचलं की मला हसू येतं, कारण घडलं अगदी तसंच. मुंबईतल्या एका कार्यक्रमात विशाल-शेखर या संगीतकार जोडीने त्यांना ऐकलं. ही जोडी तेव्हा 'ओम शांती ओम'च्या यशात होती. पण लक्षात घ्या, विशाल ददलानी हा मुळात रॉकचा माणूस, १९९४पासून 'पेंटाग्राम' हा मुंबईचा बँड चालवणारा. त्याला खणांची अडचण अनुभवाने माहीत होती. जुन्या कंपन्यांकडे शब्द टाकण्याऐवजी दोघांनी स्वतःचीच छोटी कंपनी काढली आणि हा अल्बम तिच्यातर्फे बाहेर आणला. चित्रपटातून मिळालेला पैसा चित्रपटाबाहेरच्या गाण्यावर लावला गेला. आपल्याकडे 'स्वतंत्र संगीत' म्हणून ज्याचा डंका पिटला जातो त्याचं पोट बरेचदा चित्रपटावरच चालतं. मला हे लाजिरवाणं वाटत नाही, पण लपवण्यासारखंही वाटत नाही.

आता गाणी. सगळी सारख्या तोलाची नाहीत. 'नो मॅन विल एव्हर लव्ह यू, लाइक आय डू' हे इंग्रजी गाणं मला आजही बेतास बात वाटतं. चाल गोड आहे, पण तसं गाणं कुठल्याही गावचा कुणीही गिटारवाला करू शकला असता. 'हर साँस में' हळवं आहे, आवाजाची जात त्यात नीट दिसते. 'मैसूर से आई' रंगमंचावर धमाल येते, घरी बसून ऐकताना तितकी नाही. 'हे भगवान' मात्र पहिल्या ठोक्यापासून माणसाला उठवून उभं करतं. तरी हा अल्बम ज्यांच्यामुळे टिकला ती गाणी दोन. 'गुडुगुडिया सेदि नोडो' आणि 'सोरुतिहुदु मनिया माळिगी'. दोन्ही संत शिशुनाळ शरीफ यांची.

इथे मी थोडा थांबणार आहे. शरीफ १८१९मध्ये जन्मले, १८८९मध्ये गेले. गाव शिशुविनहाळ, आजच्या हावेरी जिल्ह्यात, शिग्गावजवळ. तेव्हाचा धारवाड जिल्हा, म्हणजे मुंबई इलाखा, म्हणजे कचेरीत मराठीचा वरचष्मा असलेला मुलूख. काही काळ त्यांनी शाळामास्तरकी केली. मुसलमान घरातला हा मुलगा गोविंद भट्ट या ब्राह्मणाचा शिष्य झाला, आणि गुरूने त्याला स्वतःबरोबर वागवलं म्हणून दोन्हीकडच्यांनी बोटं मोडली. त्यांची पदं बोलीत आहेत, उत्तर कर्नाटकाच्या रांगड्या बोलीत. विषय म्हणाल तर घरातले. गुडगुडी, म्हणजे हुक्का, ओढून तर बघ, असं एक पद सांगतं आणि बघता बघता तो हुक्का देहाचा होतो, धूर श्वासाचा. दुसऱ्यात घराचं छप्पर गळतंय, ते वेळेवर शाकारायला कुणी नाही, आणि ते घर कसलं हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. आज शरीफांच्या समाधीवर हिंदूही जातात, मुसलमानही जातात.

मराठी श्रोत्याला यात परकं काही वाटू नये. श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवा. 'योगसंग्राम' लिहिणारे, विठ्ठलभक्त, आणि ज्यांच्या परंपरेत चांद बोधल्यांचं नाव येतं. त्याच चांद बोधल्यांचं नाव एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांच्या परंपरेतही सांगितलं जातं. दोनशे वर्षांच्या अंतराने, दोनशे कोसांच्या आत, दोन भाषांत जवळजवळ एकच गोष्ट घडली. फरक इतकाच की शरीफ आज बेंगळूरूच्या पबमध्ये ऐकू येतात आणि शेख महंमद एम. ए.च्या अभ्यासक्रमात.

असं का झालं? याचं श्रेय रघु दीक्षित यांना एकट्याला देता येणार नाही. मधे एक माणूस आहे, त्याच्याशिवाय हा पूल बांधलाच गेला नसता. सी. अश्वथ. कन्नड सुगम संगीतातला हा बुलंद आवाज. टी. एस. नागाभरण यांनी 'संत शिशुनाळ शरीफ' हा चित्रपट केला, त्याचं संगीत अश्वथांचं. शरीफांच्या भूमिकेत श्रीधर, आणि गोविंद भट्टांच्या भूमिकेत गिरीश कार्नाड. माथेरानला जन्मलेले, धारवाडला शिकलेले, मराठी रंगभूमीने आपले मानलेले कार्नाड शरीफांचे गुरू झाले, हा योगायोग मला फार आवडतो. राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार त्या चित्रपटाला मिळाला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या कॅसेटने शरीफ खेड्यातून शहरातल्या मध्यमवर्गीय घरात आणले. गणेशोत्सवात, ऑर्केस्ट्रात, बसमध्ये ती पदं वाजू लागली. म्हैसूरमध्ये वाढणाऱ्या मुलाच्या कानावर ती अशीच पडली असणार. तेव्हा २००८चा अल्बम शरीफांना शोधून काढतो असं जे इंग्रजी वर्तमानपत्रांच्या थाटात म्हटलं जातं ते चूक आहे. शोधलं कुणीच नव्हतं, हरवलेलंच नव्हतं.

मग नवं काय केलं? ऐकून बघा. अश्वथ शरीफांना उंच आवाजात, पुकारा केल्यासारखे गातात. पाठीमागे ताल बांधलेला, शब्द पुढे. दीक्षित यांच्याकडे बास आणि ड्रम्स यांनी एक चक्र सुरू केलेलं असतं, आणि शब्द त्या चक्रात फिरत फिरत येतात. जत्रेतल्या गोल पाळण्यात बसलं की खालचं गाव जसं पुनःपुन्हा समोर येतं, तशी पदाची एकेक ओळ येते. त्यामुळे अर्थ थोडा मागे सरतो आणि अंग आधी हलतं. भजनी मंडळात बसलेल्याला हे नवीन नाही. वारीत चालताना कुणी अभंगाचा अन्वय लावत नसतो. मला वाटतं रॉकच्या साच्याने इथे बाहेरून काही आणून चिकटवलं नाही. पदात आधीच असलेली ठेक्याची ओढ त्याने मोकळी केली.

अश्वथांवर पोसलेल्या माझ्या काही कन्नड मित्रांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, गिटारच्या आवाजात शरीफांचा विचार बुडतो. गळक्या छपरावर माणसं नाचतात तरी कशी? आक्षेप वजनाचा आहे. पण गुडगुडीच्या पदावर शरीफांच्या हयातीत गावकरी हसले नसतील, डोलले नसतील, असं मानायला मी तयार नाही. गांभीर्य हे बरेचदा कवी मेल्यानंतर त्याच्यावर चढतं.

परीक्षणांचं म्हणाल तर तेव्हा आपल्याकडे रॉक अल्बमची परीक्षणं लिहिणार कोण? अलाहाबादहून १९९३पासून निघणारं 'रॉक स्ट्रीट जर्नल' होतं. 'रोलिंग स्टोन'ची भारतीय आवृत्ती निघाली मार्च २००८मध्ये, या अल्बमनंतर महिन्याभराने. वर्तमानपत्रांत पुरवणीच्या कोपऱ्यात दीडशे शब्द. मराठी वर्तमानपत्रांत तेवढेही नाहीत. त्यामुळे या अल्बमचं जे स्वागत झालं ते कागदावर झालं नाही, रंगमंचासमोर झालं. रंगीबेरंगी लुंग्या, पायात घुंगरू, गळ्यात गिटार, आणि भरतनाट्यम शिकलेल्या पायांनी घेतलेल्या उड्या. आयआयटीच्या महोत्सवात, कॉर्पोरेट कंपनीच्या वार्षिक दिनाला, गावच्या दसऱ्याला, सगळीकडे तेच गाणं. कन्नड न कळणारी पोरं कन्नड शब्द ओरडून म्हणत होती. या शहरात बाहेरून आलेल्यांना कन्नड शिकवण्यासाठी किती वाद झाले, पाट्या रंगल्या, फासल्या गेल्या. शरीफांच्या दोन पदांनी ते काम, अर्धमुर्धं का होईना, विनातक्रार करून टाकलं. त्याच वर्षी 'सायको' या कन्नड चित्रपटातलं महादेश्वराचं गाणं गाजलं आणि दीक्षित यांचं नाव रिक्षावाल्यापर्यंत गेलं. म्हणजे ज्या अल्बमला कन्नड खणात जागा नव्हती, त्याच्या गायकाला ती चित्रपटाने दिली.

नंतर लंडन. नोव्हेंबर २०१०मध्ये बीबीसीवरच्या जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात हा बँड वाजला. मोठमोठ्या नावांच्या मध्ये लुंगीवाले. त्यानंतर अल्बम ब्रिटनमधल्या आयट्यून्सच्या 'वर्ल्ड म्युझिक' यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. २०११मध्ये 'साँगलाइन्स' मासिकाचा नवोदितांसाठीचा पुरस्कार मिळाला, ग्लास्टनबरीच्या महोत्सवात बोलावणं आलं. आणि मग आपल्याकडच्या वाहिन्यांना जाग आली. तीन वर्षांपूर्वीच्या अल्बमची बातमी झाली.

या यशाचा मला आनंद आहे, पण त्या यादीच्या नावापाशी जरा थबकायला हवं. 'वर्ल्ड म्युझिक' हा प्रकार कुठून आला? २९ जून १९८७ला लंडनच्या इझलिंग्टन भागातल्या 'एम्प्रेस ऑफ रशिया' नावाच्या पबमध्ये काही छोट्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांचे लोक जमले. त्यांच्यापुढे प्रश्न होता की आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका इथल्या तबकड्या दुकानदार ठेवतच नाहीत, कारण त्या कुठे मांडायच्या हे त्याला कळत नाही. तेव्हा त्यांनी सगळ्यांसाठी मिळून एक नाव ठरवलं, वर्गणी काढली, आणि दुकानात लावायच्या पाट्या छापल्या. म्हणजे काय, तर तोही खणच! ब्रिगेड रोडला जो अडथळा होता, त्यावरचाच तोडगा लंडनमध्ये वीस वर्षं आधी निघाला होता. फक्त त्या खणात माली देशाचा कोरावादक, बल्गेरियाच्या बायकांचं गायन आणि आपले शरीफ हे शेजारी शेजारी. हेतू चांगला होता, विक्री झाली, कलावंतांना पैसे मिळाले. पण त्या खणातून शरीफ ऐकणाऱ्याला ते शाळामास्तर होते, गोविंद भट्टांचे शिष्य होते, की आणखी कोण, याच्याशी फारसं कर्तव्य नव्हतं. त्याला ऊर्जा आवडली. इंग्रजी परीक्षणांत हाच शब्द येत राहिला, ऊर्जा. आपल्या माणसाची भाषा न कळता होणाऱ्या कौतुकात हा शब्द नेहमी सापडतो.

आणखी एक गोष्ट न सांगता पुढे जाणं बरोबर होणार नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये रघु दीक्षित यांच्यावर एका गायिकेशी गैरवर्तन केल्याचा आरोप समाजमाध्यमांतून पुढे आला, आणि त्यांनी आपली बाजू मांडत जाहीर माफी मागितली. काही श्रोत्यांना त्यानंतर ही गाणी पूर्वीसारखी ऐकता आली नाहीत. त्यांना मी 'कला वेगळी, कलावंत वेगळा' असं शहाणपण शिकवणार नाही. कुणाची गाणी कानाआड करायची हा श्रोत्याचा हक्क आहे, आणि अल्बमच्या स्वागताच्या हिशेबात तोही धरावा लागतो.

आता आपल्याकडे वळतो. मराठीत असा अल्बम का झाला नाही, असा प्रश्न मला विचारला जातो. साधनांची कमतरता नव्हती. १९८४मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' उभा राहिला, पुढे तो 'इंडस क्रीड' झाला. पेंटाग्रामचं नाव आलंच. पुण्याचा 'अग्नी' २००७मध्ये पहिला अल्बम घेऊन आला. मुंबई-पुण्याला बँड होते, स्टुडिओ होते, पैसाही होता. पण इंडस क्रीड इंग्रजीत गायले, अग्नी हिंदीत. अभंगांना गिटारची साथ देणारे तरुण आता आहेत, त्यांचं कौतुकही होतं. तरी बराच काळ मराठी तरुणाला रॉक करायचा तर मराठी दाराबाहेर ठेवावी लागली. एक कारण मला असं वाटतं की आपलं भावगीत फार भक्कम होतं. पी. सावळाराम, गदिमा, सुधीर फडके, हृदयनाथ मंगेशकर. त्या घरात कुठेच गळत नव्हतं, मग शाकारायला बाहेरचा माणूस बोलवायचं कुणाला सुचेल? कन्नडमध्येही अश्वथ होते, बेंद्र्यांची गाणी होती, हे मान्य. पण बेंगळूरू हे शहरच असं, की तिथे कन्नडला स्वतःच्या राजधानीत रोज जागा मागावी लागते. जी भाषा मागते ती जरा लवकर रूप बदलायला तयार होते. मुंबईतही मराठीला जागा मागावी लागते, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. मग माझं कारण अर्धवट आहे, आणि उरलेलं कुणी तरुण संशोधकाने शोधावं.

एवढं मात्र ठाम सांगतो की कानडी चालीवर मराठी तोंड उघडणं आपल्याला नवीन नाही. १८४३मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ बघून. गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२मध्ये 'सौभद्र' रंगभूमीवर आणलं, त्यातल्या कित्येक पदांच्या चाली कानडी पदांच्या. आपल्या आजोबांनी ज्या चाली खास मराठी म्हणून गुणगुणल्या, त्यातल्या काही धारवाडकडून आल्या होत्या. गदगकडचे भीमसेन जोशी मराठीत अभंग गात आणि कन्नडमध्ये दासांची पदं, आणि दोन्हीकडच्या श्रोत्यांना ते आपले वाटत. त्यांना कुणी 'फ्यूजन' म्हणालं नाही. नशीब!

दीक्षित यांचा दुसरा अल्बम 'जग चंगा' २०१३मध्ये आला. त्यांचे धाकटे बंधू वासू दीक्षित यांचा 'स्वरात्म' हा बँडही याच वाटेने गेला. २००९मध्ये पहिला अल्बम, २०१२मध्ये 'टोपीवाले'. तोवर ब्रिगेड रोडची दुकानं मिटत चालली होती. आता तबकडी नाही, खण नाही, असं आपण म्हणतो. फोन उघडून बघा. 'प्रवासात', 'पावसाळी संध्याकाळ', 'जिममध्ये', 'झोपताना'. खण तेच आहेत, फक्त भाषेऐवजी मनःस्थितीचे. आणि त्यात अल्बम असा उरतच नाही, सुटी गाणी उरतात. 'सोरुतिहुदु मनिया माळिगी' हे मी एकदा पावसाच्या यादीत ऐकलं. यंत्राने छप्पर गळतंय एवढं बरोबर ओळखलं होतं!

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. आज घरी गेल्यावर हे पद ऐका, पण दीक्षितांचं नंतर. आधी सी. अश्वथ यांचं लावा. शेजारी कुणी उत्तर कर्नाटकातलं असेल, हुबळी, गदग, हावेरीकडचं, तर त्यांना बोलवा आणि एकेक ओळीचा अर्थ विचारा. के. आर. पुरममधल्या प्रत्येक इमारतीत असं एक तरी घर सापडेल. मग २००८चा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, गाणी न वगळता, अगदी ते इंग्रजी गाणंसुद्धा, सलग ऐका. तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं झालं तर मला ते ऐकायला आवडेल. प्रश्नोत्तरांना अध्यक्षांनी वेळ ठेवला आहे, आणि शेवटची मेट्रो जायला अजून अवकाश आहे.